तुमचे प्रश्न, आमची उत्तरं : झाड नक्की खातं तरी काय?

या वेळी प्रकाशसंश्लेषणावर प्रश्न पाठवा असं म्हटलं होतं आणि पत्रांचा ढीग बघून बरं वाटलं, कारण शाळेत पाठ केलेलं ते एक वाक्य, सूर्यप्रकाशात पाणी आणि कार्बन डायऑक्साइडपासून ग्लुकोज बनतं वगैरे, कुणालाच पुरलेलं दिसत नाही. सारखे प्रश्न एकत्र केलेत. काहींना लांब उत्तर दिलंय, काहींना थोडक्यात उरकलंय, रागावू नका.

प्रश्न : ताई, मी कुंडीत खत घालते तेव्हा माझा मुलगा म्हणतो आई, झाडाला जेवण दिलंस का. मी हो म्हणते. पण मग झाड एवढं मोठं होतं आणि कुंडीतली माती तेवढीच राहते, हे कसं?

मुलाला सांगा की जेवण नाही दिलं, जेवण ते स्वतः बनवतं. आणि तुमचा मातीचा प्रश्न साधासुधा नाहीये, यावर भल्याभल्यांनी डोकं फोडलंय.

सतराव्या शतकात ब्रसेल्सजवळ फान हेल्मोंट म्हणून एक डॉक्टर होते. त्यांनी २०० पौंड कोरडी माती एका मोठ्या भांड्यात भरली, त्यात ५ पौंडांचं विलोचं रोप लावलं, आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. शेवटी झाड भरलं १६९ पौंड. माती परत वाळवून तोलली तर कमी झाली होती फक्त २ औंस, म्हणजे साठ ग्रॅमसुद्धा नाही. मग एवढं झाड आलं कुठून? ते म्हणाले पाण्यातून, कारण दुसरं काही घातलंच नव्हतं. हे सगळं १६४८ साली, त्यांच्या मृत्यूनंतर छापलं गेलं. आता यातली गंमत बघा, कोळसा जळताना एक वेगळीच हवा निघते हे ओळखून तिचं वर्णन करणारे पहिले लोक जे होते त्यात हेच गृहस्थ होते, आणि ती हवा म्हणजे आपला कार्बन डायऑक्साइड. उत्तर त्यांच्या हातात होतं पण विलोशी त्याचा संबंध असेल हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही. त्यात त्यांचा दोष नाही म्हणा, हवेला वजन असतं आणि त्या हवेतून लाकूड बनतं हे आजसुद्धा पटकन पचत नाही.

पण बनतं तसंच. कुठलंही झाड पूर्ण वाळवून तोललं तर त्या वजनात साधारण ४५ टक्के कार्बन, तेवढाच ऑक्सिजन, ६ टक्क्यांच्या आसपास हायड्रोजन, आणि उरलेलं थोडंसं काय ते जमिनीतून आलेलं. कार्बन हवेतला, ऑक्सिजन पण त्याच कार्बन डायऑक्साइडमधून आलेला, हायड्रोजन पाण्यातला. म्हणजे सुक्या लाकडाचं जवळजवळ ९० टक्के वजन हवेतून आलंय. आणि हवेत हा गॅस असतो किती, तर ०.०४ टक्के! मी हिशोब करून बघितला, एक किलो सुकं लाकूड बनायला साधारण दोन हजार घनमीटर हवेतला सगळाच्या सगळा कार्बन डायऑक्साइड लागेल. म्हणूनच झाडाला एवढी पानं लागतात.

मग खताचं काय? खतात एनर्जी नसते, त्यात लागणारे सुटे घटक असतात. नायट्रोजन नसेल तर प्रोटीन बनत नाही आणि हरितद्रव्य पण बनत नाही. मॅग्नेशियम तर हरितद्रव्याच्या रेणूच्या बरोब्बर मध्यभागी बसलेलं असतं, ते कमी पडलं की जुन्या पानांच्या शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा पडायला लागतो. पण अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलेल्या झाडाला खतावर खत घालून काही होत नाही, त्याला उजेड हवा असतो, खत नको असतं. हे बऱ्याच जणांना सांगून पटत नाही आणि मग कुंडीत क्षार साठून मुळं जळतात.

प्रश्न : झाडं कार्बन डायऑक्साइड घेतात आणि त्यातला ऑक्सिजन बाहेर सोडतात, बरोबर ना? आमच्या सरांनी असंच सांगितलं. (इयत्ता नववी)

नाही. बाहेर पडतो तो ऑक्सिजन पाण्यातला. पण असं वाटणं अगदी साहजिक आहे आणि विसाव्या शतकाची तीस वर्षं उलटली तरी मोठमोठे शास्त्रज्ञही असंच धरून चालले होते.

गाडी फिरली ती बॅक्टेरियामुळे. फान नील म्हणून एक शास्त्रज्ञ जांभळ्या रंगाच्या गंधकवाल्या बॅक्टेरियांचा अभ्यास करत होते. हे बॅक्टेरिया उजेडात कार्बन डायऑक्साइड वापरून वाढतात पण पाण्याऐवजी हायड्रोजन सल्फाइड घेतात, आणि ऑक्सिजन सोडतच नाहीत, गंधक तयार करतात. आता गंधक आलं ते तर उघड हायड्रोजन सल्फाइडमधून, दुसरीकडून येणारच नाही. मग फान नील यांनी १९३१ च्या सुमारास म्हटलं की झाडात पण तसंच होत असणार, तिथे पाणी फुटतं आणि ऑक्सिजन सुटा होतो. पुढे रॉबिन हिल यांनी पानातून हरितलवक वेगळे काढले, ते पेशीतले हिरवे कण, आणि कार्बन डायऑक्साइड न देता, फक्त इलेक्ट्रॉन घेणारं एक रसायन देऊन, उजेडात ऑक्सिजन निघतो हे दाखवलं. मग १९४१ मध्ये रुबेन आणि केमन यांच्या टीमने जड ऑक्सिजन (नेहमीपेक्षा वजनदार अणूंचा, म्हणून वेगळा ओळखता येणारा) असलेलं पाणी एकपेशीय हिरव्या शेवाळाला दिलं आणि बाहेर पडलेल्या गॅसमध्ये तो जड ऑक्सिजन सापडला. विषय संपला.

तुला वहीत तपासायचं असेल तर समीकरण घे. सहा रेणू पाण्यात ऑक्सिजनचे अणू सहाच, आणि बाहेर पडतात सहा रेणू ऑक्सिजन म्हणजे बारा अणू. पाण्यातूनच यायचे तर पाणी बारा रेणू लागणार. म्हणून नीट लिहिलेल्या समीकरणात डावीकडे बारा पाणी असतं आणि उजवीकडे सहा पाणी परत नव्याने तयार झालेलं असतं. पुस्तकात दोन्हीकडचं वजा करून सहा लिहितात, हिशोब जुळतो पण खरी गोष्ट त्यात लपून जाते. सरांशी भांडू नकोस, हे समीकरण मांडून दाखव, त्यांनाही आवडेल.

प्रश्न : रात्री बेडरूममध्ये झाड ठेवू नये म्हणतात, कारण ते कार्बन डायऑक्साइड सोडतं. दुसरीकडे काही झाडं रात्रीसुद्धा ऑक्सिजन देतात असे मेसेज फिरतात. खरं काय मानायचं?

दोन्ही सोडून द्या.

आधी भीतीचं बघू. झाड चोवीस तास श्वसन करतं, दिवसा पण. दिवसा ते बनवतं जास्त आणि खर्च करतं कमी म्हणून ऑक्सिजन बाहेर पडताना दिसतो, रात्री फक्त खर्च चालू असतो. इंगेनहौस नावाच्या डच डॉक्टरांनी हे १७७९ मध्येच दाखवलं होतं, की हवा ताजी करायला उजेड लागतो, ते काम हिरवा भागच करतो, आणि अंधारात उलट होतं. त्याच्या आधी प्रीस्टली यांनी १७७१ मध्ये बंद भांड्यात पुदिन्याची फांदी ठेवून मेणबत्तीने खराब झालेली हवा परत सुधारते हे दाखवलं होतं, पण त्यांचा प्रयोग कधी जमायचा कधी नाही, कारण उजेडाची भानगड त्यांच्या लक्षात आली नव्हती. रात्रीच्या झाडाला घाबरायची सुरुवात बहुतेक तेव्हापासूनच झाली असावी! पण प्रमाण बघा ना. माणूस दिवसाला साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड सोडतो, तासाला सरासरी चाळीसेक ग्रॅम. कुंडीतलं झाड रात्री सोडतं ते तासाला ग्रॅमचा एखादा तुकडा. शेजारी झोपलेल्या माणसाला तुम्ही घाबरत नाही ना, मग झाडाला कशाला घाबरता.

आता मेसेजचं. ऑक्सिजन निघायला पाणी फुटावं लागतं आणि पाणी फुटायला उजेड लागतो, त्यामुळे अंधारात कुठलंच झाड ऑक्सिजन सोडू शकत नाही, मग ते कितीही गुणी असो. पण ही अफवा कशावरून उठली असावी ते सांगते, कारण त्यामागची गोष्ट भारी आहे. निवडुंग, अननस, घायपात, आणि ते उभ्या पट्ट्यांच्या पानांचं स्नेक प्लांट, ही कोरड्या जागची मंडळी दिवसा पानांवरची रंध्रं उघडतच नाहीत कारण उघडली की पाणी उडून जातं. ती रंध्रं रात्री उघडतात, गारव्यात कार्बन डायऑक्साइड आत घेतात आणि त्याचं मॅलिक ॲसिड करून पेशीत साठवून ठेवतात. दिवसा दारं बंद, आणि आतल्या आत ते ॲसिड मोडून मिळालेल्या गॅसवर साखर बनवायची. म्हणजे रात्री कार्बन डायऑक्साइड घेतात हे खरं, ऑक्सिजन सोडतात हे कुणीतरी मागून चिकटवलेलं.

आणि घरातल्या झाडांनी हवेतला ऑक्सिजन वाढतो का, तर नाही, मोजण्याइतका तरी नाही. चांगल्या उन्हात एक चौरस मीटर पान तासाला दीड-दोन ग्रॅम कार्बन डायऑक्साइड घेतं. एका माणसाचे चाळीस ग्रॅम निस्तरायला वीस-पंचवीस चौरस मीटर पानं लागतील, तीही सतत उन्हात! झाडं घरात ठेवा ती बघून बरं वाटतं म्हणून, तेवढं कारण पुरे आहे.

प्रश्न : पान हिरवंच का? आणि मग माझ्याकडच्या लाल-जांभळ्या पानांच्या झाडाचं कसं चालतं?

हरितद्रव्य निळा आणि लाल प्रकाश जोरात शोषतं, हिरवा त्या मानाने कमी, तो परत फिरतो आणि आपल्या डोळ्यात येतो. कमी म्हणजे अजिबातच नाही असं मात्र समजू नका, अख्ख्या पानात आत इकडून तिकडे आपटत बराचसा हिरवा प्रकाश पण वापरला जातोच. लाल पानात हरितद्रव्य असतंच, वरून ॲन्थोसायनिन नावाच्या लाल-जांभळ्या रंगाने झाकलेलं असतं एवढंच. पांढऱ्या पट्ट्यांच्या पानात मात्र पांढरा भाग खरोखर काही बनवत नाही, हिरव्या भागाच्या जीवावर जगतो. म्हणून अशी झाडं हळू वाढतात आणि एखादी पूर्ण हिरवी फांदी फुटली तर ती बाकीच्यांना मागे टाकते, ती वेळीच कापा.

प्रश्न : प्रकाशसंश्लेषणाचा दुसरा टप्पा अंधारात होतो असं वाचलं. म्हणजे झाड रात्री साखर बनवतं का? आणि रात्री उजेड नसताना ते खातं काय?

पहिल्याचं उत्तर नाही. पहिल्या टप्प्यात उजेडाच्या जोरावर पाणी फुटतं आणि एटीपी, एनएडीपीएच असे दोन एनर्जीवाले रेणू बनतात, दुसऱ्या टप्प्यात ते खर्च करून कार्बन डायऑक्साइडची साखर होते. दुसऱ्या टप्प्याला उजेड थेट लागत नाही हे खरं, पण पहिल्याचा माल काही सेकंदात संपतो, शिवाय दुसऱ्यातले काही एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रोटीनं, उजेड असेल तरच चालू होतात. त्यामुळे दोन्ही दिवसाच चालतात. हा दुसरा टप्पा कॅल्विन, बेन्सन आणि बॅशम यांनी किरणोत्सारी कार्बन वापरून पायरी पायरीने उलगडला, क्लोरेला नावाच्या शेवाळाला तो कार्बन द्यायचा, काही सेकंदांतच गरम अल्कोहोलमध्ये टाकून त्याला थांबवायचं आणि कार्बन कुठल्या रेणूत पोचलाय ते बघायचं. १९६१ चं नोबेल मिळालं ते मात्र एकट्या कॅल्विन यांना, बेन्सन यांचं नाव त्यात नाही हे मला कायम खटकतं.

या टप्प्यातला मुख्य एन्झाइम म्हणजे रुबिस्को, आणि खरं सांगू का, एवढ्या महत्त्वाच्या कामाला एवढा ढिला कामगार निसर्गात दुसरा शोधून सापडायचा नाही. चांगले एन्झाइम सेकंदाला हजारो रेणू हाताळतात, हा सेकंदाला तीन-चार, फार तर दहा. शिवाय कार्बन डायऑक्साइड समजून ऑक्सिजनच पकडतो, साधारण पाचात एकदा, आणि मग ती चूक निस्तरण्यात झाडाची कमाई वाया जाते. गरमीत हे आणखी वाढतं. वेग कमी म्हणून झाड काय करतं तर रुबिस्को भरपूर बनवून ठेवतं, इतकं की पृथ्वीवर सगळ्यात जास्त असलेल्या प्रोटीनांत त्याचं नाव घेतात. ऊस, मका, ज्वारी यांनी वेगळी युक्ती काढलीय. ती आधी कार्बन डायऑक्साइड चार कार्बनच्या रेणूत बांधतात, शिरांभोवतीच्या खास पेशींत नेऊन सोडतात, आणि तिथे तो इतका दाट होतो की रुबिस्कोला चुकायची संधीच कमी. १९६० च्या दशकात हॅच आणि स्लॅक यांनी हा मार्ग नीट मांडला. भात आणि गव्हाकडे ही युक्ती नाही, ती त्यांच्यात आणता येईल का यावर संशोधन चालू आहे.

आता रात्रीचं. दिवसा बनलेल्या साखरेतली काही सुक्रोजच्या रूपात खोड, मुळं, फळं इकडे रवाना होते, काही पानातच स्टार्च म्हणून साठवली जाते. रात्री तो स्टार्च मोडून झाड चालतं. आणि इथे एक गोष्ट आहे जी मला स्वतःला सगळ्यात आवडते. ॲराबिडॉप्सिस नावाच्या छोट्या रोपावर प्रयोग झालेत, प्रयोगशाळेतलं अगदी लाडकं रोप ते. तर हे रोप रात्रभर स्टार्च अशा एकसारख्या वेगाने वापरतं की पहाटेपर्यंत साठ्यातला ९५ टक्के संपलेला असतो, आधी संपत नाही आणि फारसा उरत पण नाही. बरं रोजच्या सवयीने असेल म्हणावं तर शास्त्रज्ञांनी एक दिवस अचानक लवकर अंधार केला, म्हणजे साठा कमी आणि रात्र लांब, तर रोपाने वेग त्याच रात्री कमी केला आणि स्टार्च बरोब्बर सकाळपर्यंत पुरवला. महिनाअखेरपर्यंत पगार पुरवणाऱ्या माणसाला पण इतकं जमत नाही! यासाठी रोपाला साठा किती आणि पहाट किती लांब या दोन गोष्टी कळाव्या लागतात आणि एकाला दुसऱ्याने भागावं लागतं. मेंदू नाही, तरी भागाकार रसायनांवर होतो.

प्रश्न : आयोडीनचा प्रयोग केला पण पान निळं-काळं झालंच नाही. प्रोजेक्ट उद्या द्यायचाय!!

पत्र छापून येईपर्यंत तुझा प्रोजेक्ट देऊन झाला असेल, तरी पुढच्या बॅचसाठी लिहिते. आयोडीन स्टार्चला लागलं की निळं-काळं होतं, ते झालं नाही तर बहुतेक वेळा हरितद्रव्य नीट काढलेलं नसतं. पान आधी उकळत्या पाण्यात मिनिटभर, मग स्पिरिटमध्ये पांढुरकं होईपर्यंत, आणि स्पिरिटची परीक्षानळी गरम पाण्यात धरून तापवायची, आचेवर थेट कधीच नाही, भडका उडतो, मोठं माणूस जवळ हवंच. दुसरं कारण म्हणजे पान सकाळी लवकर तोडलं असेल, रात्रभरात स्टार्च संपलेला असतो हे वर वाचलंसच, त्यामुळे दुपारनंतर उन्हातलं पान घे. आणि तिसरं, कांद्याची पात वापरली असशील तर कितीही आयोडीन ओतलंस तरी काही होणार नाही कारण ती स्टार्च साठवतच नाही, साखरच ठेवते.

प्रश्न : एका मोठ्या जंगलातून जगाला २० टक्के ऑक्सिजन मिळतो म्हणतात. जंगल गेलं तर आपण गुदमरू का?

गुदमरणार नाही. जंगल जितका ऑक्सिजन बनवतं जवळपास तितकाच तिथली झाडं, बुरशी, किडे, कुजणारी पानं मिळून परत वापरतात, हिशोब शून्याच्या जवळ येतो. हवेतला २१ टक्के ऑक्सिजन हा कोट्यवधी वर्षांची शिल्लक आहे, जेवढे मेलेले जीव न कुजता गाळात गाडले गेले तेवढा ऑक्सिजन वर उरला. त्याची पहिली मोठी वाढ झाली साधारण २४० कोटी वर्षांपूर्वी, सायनोबॅक्टेरियांमुळे, म्हणजे प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या बॅक्टेरियांमुळे, तेव्हा झाड नावाची वस्तूच नव्हती. आजही पृथ्वीवरच्या प्रकाशसंश्लेषणातला जवळपास अर्धा वाटा समुद्राचा आहे. त्यातला एक मोठा हिस्सेदार, प्रोक्लोरोकॉकस नावाचा सायनोबॅक्टेरिया, इतका बारीक की १९८० च्या दशकापर्यंत तो आहे हेच कुणाला माहीत नव्हतं. जंगल तोडू नये याची कारणं वेगळी आणि भक्कम आहेत, पाऊस, माती, त्यातले जीव, लाकडात अडकलेला कार्बन. त्यासाठी चुकीच्या आकड्याची गरज नाही.

प्रश्न : माणसाच्या कातडीत हरितद्रव्य घातलं तर जेवायची कटकट संपेल का?

हा प्रश्न पाठवणाऱ्याला भेटायला आवडेल! हिशोब करूया. आपली कातडी पावणेदोन चौरस मीटरच्या आसपास, ऊन पडतं त्यातल्या अर्ध्यावर. चांगल्या पानाच्या वेगाने धरलं तर तासाला साधारण एक ग्रॅम साखर बनेल, म्हणजे चार कॅलरी. आठ-दहा तास उन्हात, अंगावर कपडे न घालता पडून राहिलात तर चाळीस कॅलरी, फारच जोरदार पान झालात तर ऐंशी. आणि दिवसाची गरज दोन हजारांच्या आसपास. उन्हात घाम येऊन पाणी जाईल ते वेगळंच.

झाडाचं भागतं कारण ते हलत नाही, अंग गरम ठेवत नाही, मेंदू पोसत नाही, आणि वजनाच्या मानाने त्याचा पसारा प्रचंड असतो. प्राण्यांमध्ये हे थोडंफार जमवलंय ते एका समुद्री गोगलगायीने, एलिसिया क्लोरोटिका तिचं नाव. ती शेवाळ खाते पण त्यातले हरितलवक पचवत नाही, आतड्याच्या पेशींत साठवून ठेवते आणि ते कित्येक महिने टिकतात. दिसायला हिरवीगार, चपटी, थेट पानाच्या आकाराची, आणि हालचाल अगदीच बेताची.